आकाशदर्शन दाखवून चर्चला माणसं आणायची, पटतं का?

धागाकर्ता: चर्चला न येणाऱ्यांसाठी आमच्या मंडळीत एक आयडिया चाललीये, मोकळ्या मैदानात बायनॉक्युलरने आकाशदर्शन ठेवायचं आणि शेवटी पाळकसाहेब स्तोत्र १९ वाचणार, 'आकाश देवाचा महिमा वर्णिते' वालं. मला तरी यात काही गैर वाटत नाही, उपासनेला यायला बिचकणारा माणूस मैदानात तरी येईल.

घरकोंबडा: चर्च सोडलेला माणूस बोलतोय. पत्रकावर नुसतं 'आकाशदर्शन' छापलंत आणि तासाभराने बायबल काढलंत तर मी आल्या पावली परत जाईन, वर पुन्हा तुमचा फोन उचलणार नाही. गुरूचे चार चंद्र दाखवाल, मग १६१० साली ते बघणाऱ्या गॅलिलिओचं पुढे चर्चने काय केलं तेही सांगणार का?

धागाकर्ता: गॅलिलिओ येणार माहीतच होतं 😀 मग लमेत्र पण घ्या, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारा कॅथलिक धर्मगुरूच होता की.

घरकोंबडा: होता ना. आणि पोप बारावे पायस महास्फोटात (बिग बँग) देवाने केलेल्या उत्पत्तीचा पुरावा शोधायला लागले तेव्हा ते न पटलेलाही तोच.

चांदणंवेडा: भांडा निवांत, पण तारीख पौर्णिमेची धरली नाहीत ना? चंद्रच बघायचा तर शुद्ध अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं. फिकं काही बघायचं तर अमावस्या. १० बाय ५० ची बायनॉक्युलर (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) बास झाली, त्याहून जास्त पॉवर हातात थरथरते, आरामखुर्चीत रेलून कोपरं टेकवायची. नुसत्या डोळ्यांना कृत्तिकांचे सहा-सात तारे, यातून कितीतरी. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि कुणी मोबाइल पेटवला की परत पहिल्यापासून, तेव्हा पाळकसाहेबांनी स्तोत्र पाठच करून यावं.

मंडळीतलीच एक: कृत्तिका, मृगशीर्ष बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात ३८व्या अध्यायातही आहेत, बोलायला विषय भरपूर आहे. पण चर्चचं नाव पत्रकावर सगळ्यात वर ठळक टाका, 'शेवटी १० मिनिटं प्रार्थना, थांबायचं त्यांनी थांबा' असं खाली लिहा. सुवार्तेत लपवण्यासारखं आहे काय?

धागाकर्ता: असं छापलं तर कुणी फिरकणार नाही, असं कमिटीचं म्हणणं आहे.

मंडळीतलीच एक: मग कमिटीला एवढंच विचारा, स्तोत्राला एकही माणूस थांबला नाही तरी पुढच्या अमावस्येला बायनॉक्युलर घेऊन याल का? नाही म्हणाले तर घरकोंबडाचं खरं आहे.