डांबरगोळ्या नकोत, जाळी अंथरा
वाफ्यात डांबरगोळ्या टाका म्हणजे शेजारची मांजरं फिरकणार नाहीत, असा सल्ला इथे एकाने दिलाय. कृपा करून हे करू नका. त्यातलं नॅफ्थलीन मांजरांना विषारी असतं, आणि गोळी लहान मुलाच्या तोंडात गेली तर त्यालाही. मांजराला तुमची झाडं नको असतात, त्याला हवी असते उकरायला सोपी, भुसभुशीत, कोरडी माती. म्हणून तर नुकताच पेरलेला वाफा त्याला आधी सापडतो! आम्ही पेरणी झाल्यावर तारेची जाळी अंथरली आणि वर मातीचा पातळ थर दिला. रोपं जाळीतून वर आली. शेजारच्या बोक्याने दोन दिवस पंजे मारून पाहिले आणि नाद सोडला.

पण 'मांजर आहे, ते जाणारच' हे मांजरवाल्यांचं म्हणणंही मला पटत नाही. लागण झालेल्या मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी मातीत पडतात आणि ओलसर जागी वर्षभरसुद्धा टिकू शकतात. याची लागण पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते, म्हणून बागेत काम करणारी बाई गरोदर असेल तर तिची चिंता रास्तच आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी बोक्याची नसबंदी करून घेतली, स्वतःच्या अंगणात वाळूचा एक कोपरा करून दिला. त्यानंतर त्याचं भिंतीवरून येणं खूपच कमी झालं.