टेन-ट्वेंटीटू: आधी बॅरल की आधी गोळ्या?

डॅलसकर_दादा
परवाच्या धाग्यावर कुणी ठणकावून लिहिलंय: 'रुगर टेन-ट्वेंटीटू आणली की मूळ बॅरल (नळी) भंगारात टाका, जाड लावा, नाहीतर ते खेळणंच राहतं.' वाचून डोकं सटकलं. १९६४ पासून लोक ही पॉइंट टूटूची अर्धस्वयंचलित अमेरिकन रायफल आहे तशी चालवतायत. ज्याचं बजेटच जेमतेम रायफलीपुरतं, त्याला हा सल्ला? जाड बॅरलवर नेम धरायचा माशी-काटा नसतो, म्हणजे दुर्बीण आली. दुर्बिणीला माउंट. जाडी ०.९२० इंच, कार्बाइनच्या लाकडात ती बसत नाही, म्हणजे स्टॉकही (लाकडी दस्ता) आला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
माझा क्रम: आधी गोळ्या, मग स्लिंग (पट्टा), मग ट्रिगर. मूळ ट्रिगर सहा पौंडांच्या आसपास ओढावा लागतो. रुगरचाच बीएक्स ट्रिगर पावणेतीनचा, दोन पिना काढल्या की बसतो. मी याच अवतारात अ‍ॅपलसीडच्या नेमबाजी शिबिरात २५० पैकी २१४ मारले.

बॅरलभक्त
तो सद्गृहस्थ मीच. २१४ म्हणजे २५ मीटरवर इंचभर चौकोनाचा हिशेब. तेवढ्यावर खूश असाल तर प्रश्नच मिटला. मला ५० यार्डांवर एकाच भोकात पाच हवेत. आणि स्टॉक विकत कशाला घ्यायचा? मी लाटण्याला सँडपेपर गुंडाळला आणि दोन संध्याकाळी लाकडाची खाच घासली. शेवटी बॅरल आणि लाकडाच्या मधून डॉलरची नोट सरसर फिरली, म्हणजे बॅरल कुठे टेकत नाही. खर्च शून्य.

हिशेबनीस
लाटण्याची किंमत धरली का?

बॅरलभक्त
आई तेव्हा इथेच होती. पोळ्या बंद झाल्या. धरली.

नेमबाज_काकू
दोघंही अर्धवट बोलताय. मी बालेवाडीला तरुणपणी पॉइंट टूटू मारलेली आहे. रायफल एकच असली तरी गोळीचा लॉट बदलला की गट फुटतो, म्हणजे भोकं विखुरतात. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य घेतलं ते ह्याच काडतुसावर, पण एकेक गोळी हाताने भरून. अर्धस्वयंचलितमध्ये तीच चैन नाही, गोळीला बोल्टही मागे ढकलायचा असतो. चार प्रकारच्या एकेक पेट्या आणा, कागदावर मारा, मग बॅरलला शिव्या द्या.

कोकण_ते_कोलंबस
काकू म्हणतायत ते खरं. मी हौसेने घट्ट मॅच चेंबरची (गोळी बसते ती खाच, स्पर्धेच्या मापाची) बॅरल लावली आणि स्वस्तातल्या गोळ्या भरल्या. दर दहात दोन अडकत होत्या. नखाने केस उपसून उपसून बोट काळं. बॅरल घेणारच असाल तर जरा सैल, बेंट्झ चेंबर बघा. आणि स्टॉकमधून रिसीव्हर (बोल्ट-ट्रिगरचं घर) काढताना खाली ताट धरा. बोल्ट बफरची पिन आपोआप गळते. माझी तीन दिवसांनी देवघरात सापडली, बाळकृष्णाच्या मागे.

नवा_पाखरू
एक शंका. मी अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आहे. मित्राची रायफल रेंजवर चालवली तर चालतं ना?

डॅलसकर_दादा
नाही! बंदूकच काय, गोळीसुद्धा बाळगता येत नाही. फेडरल कायदा आहे. अपवादांपैकी नेहमीचा म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही.

नवा_पाखरू
म्हणजे ससा मारायचा परवाना काढला की कागदावर भोकं पाडता येतात? काय तर्कट आहे!

बॅरलभक्त
तर्कट असो की काही असो, रेंजवरच्या भाड्याच्या बंदुकीलाही तेच लागू. परवाना खिशात नसेल तर हात लावू नकोस. माझ्या एका मित्राने कोर्स केला, परवाना काढला आणि आजतागायत चिमणीही मारली नाही.

हिशेबनीस
इकडे गावी रानडुकरं भात लोळवतात, पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी माझ्या काकांनी किती हेलपाटे घातले विचारू नका. आणि तुम्ही बॅरल पहिली की दुसरी यावर भांडताय.

डॅलसकर_दादा
हिशेबनीस, डुकरांचा वेगळा धागा काढा.

हिशेबनीस
काढला होता. तिथे तुम्ही येऊन ट्रिगरवर बोललात.

नेमबाज_काकू
पाखरा, आधी वकिलाला विचार, मग ह्या दोघांना. व्हिसा गेला तर पावणेतीन पौंडांचा ट्रिगर काय कामाचा?

बॅरलभक्त
असो. मूळ मुद्दा: दादांचं एक मान्य, भंगारात टाका म्हणायला नको होतं. काल मूळ बॅरल परत लावली, काकूंच्या सांगण्यावरून चार पेट्या मारल्या. त्यातल्या मिनी-मॅग नावाच्या पेटीतल्या पाच गोळ्या ५० यार्डांवर रुपयाएवढ्या जागेत.

डॅलसकर_दादा
जुना रुपया की नवा?

बॅरलभक्त
जुना, मोठा. आणि जाड बॅरल उद्या परत चढणार आहे, उगाच हुरळू नका.