नोडवर दुसरा रिसीव्हर लटकवला की झालं का बॅकअप?

हिरवा_कनेक्टर

केबलवाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. (नोड म्हणजे फायबरने आलेला लाईट टीव्हीच्या आरएफ सिग्नलमध्ये बदलून गल्लीतल्या केबलवर देणारा डबा; ते बदलण्याचं काम आतला रिसीव्हर करतो.) "प्रत्येक नोडवर दुसरा रिसीव्हर लावा. येणारी फायबर १×२ स्प्लिटरने फोडा, दोन्ही रिसीव्हरचे आउटपुट टू-वे कंबायनरमध्ये घाला. एक गेला तरी दुसरा चालू, ग्राहकाला पत्ता लागणार नाही." खाली अंगठ्यांची रांग. आता नवशिके ऑपरेटर हे खरंच करून बसतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी लाईटचा हिशोब. नोडवर उणे २ डीबीएम येतोय असं धरा (डीबीएम हे लाईटचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका लाईट कमी; डीबी म्हणजे त्यातली घट-वाढ). स्प्लिटर कागदावर ३ डीबी खातो, प्रत्यक्षात साडेतीन. वर दोन जादा कनेक्टर. रिसीव्हरला मिळाला उणे ६. एजीसी (लाईट कमी-जास्त झाला तरी आउटपुट आपोआप स्थिर ठेवणारी सोय) उणे ७ पासून धरते असं लेबल म्हणतं, म्हणजे हातात राहिला १ डीबी. जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलं किंवा खांबावरचा लूप कुणी टाय मारून करकचून आवळला की तोही गेला. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला वाकलेली फायबर १३१० पेक्षा जास्त खाते, हे इथे कुणाला सांगायला नको. आणि एजीसीच्या खाली उतरलात की लाईट १ डीबी पडला तर आरएफ २ डीबी पडतो. कधीतरी लागणाऱ्या बॅकअपसाठी रोजचा सिग्नल काठावर आणून ठेवला.

मग कंबायनर. एकच सिग्नल दोन वाटांनी येऊन एकत्र झाला की काही फ्रिक्वेन्सीवर बेरीज होते, काहींवर वजाबाकी. फायबरमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ४.९ नॅनोसेकंद लागतात. एका रिसीव्हरला १ मीटरची पॅच कॉर्ड आणि दुसऱ्याला ३ मीटरची लावलीत तर दर १०० मेगाहर्ट्झला एक खड्डा. मीटरवर नेमका खड्ड्यातलाच चॅनेल तपासला नाहीत तर कळणारही नाही, आणि तक्रार येणार "तेवढेच पाच-सहा चॅनेल फुटतायत" अशी.

आणि शेवटी, दोन्ही रिसीव्हर एकाच फायबरवर, एकाच डब्यात, एकाच प्लगवर. नोड बंद पडण्याची रोजची कारणं म्हणजे फायबर तुटणं, पॉवर जाणं आणि घाणेरडा कनेक्टर. यातल्या एकाचाही बॅकअप इथे नाही. खुद्द रिसीव्हर मरणं या यादीत बरंच खाली येतं.

टॅपऑफ_सातारा

पोस्ट माझी आहे. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

१ आणि ३ मीटरच्या पॅच कॉर्ड कोण लावतो? दोन्ही एकाच मेकचे, एकाच बॅचचे रिसीव्हर, सारख्या लांबीची पिगटेल (रिसीव्हरला जोडायचा फायबरचा छोटा तुकडा). मग कसला खड्डा? लाईट कमी पडत असेल तर कंट्रोल रूमला सांगून ईडीएफएचं (लाईट वाढवणाऱ्या अँप्लिफायरचं) आउटपुट वाढवून घ्यायचं. एमएसओ (आम्हाला सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबल कंपन्या) लाईट देताना हात आखडता घेतात आणि टीका मात्र आमच्या जोडणीवर. ४०० घरांचा नोड मॅचच्या दिवशी बंद पडला की फोन कुणाला येतात?

पॅड_आणि_इक्यू

सारख्या लांबीची म्हणजे किती सारखी? १० सेंटिमीटरचा फरक धरू. अर्धा नॅनोसेकंद. पहिला पूर्ण खड्डा १००० मेगाहर्ट्झच्या जरा वर पडतो, म्हणून वाटतं आपण सुटलो. पण ८६२ मेगाहर्ट्झला, म्हणजे चॅनेलच्या वरच्या टोकालाच, सिग्नल १२ डीबी खाली आलेला असतो. ते बघून माणूस वरच्या टोकाला इक्वलायझर (वरच्या-खालच्या चॅनेलची लेव्हल सारखी करणारा भाग) बदलत बसतो. १ सेंटिमीटरच्या आत जुळवलंत तर चालेल, पण पुढच्या वेळी वायरमन कनेक्टर कापून नवा लावेल तेव्हा ते १ सेंटिमीटर कोण मोजणार? आणि दोन रिसीव्हरच्या आतला डिले सारखा असतो हे कुठल्या डेटाशीटवर लिहिलंय?

वर आणखी एक गंमत. दोन सारखे सिग्नल बरोबर जुळून आले तर कंबायनरमधून एकट्यापेक्षा ३ डीबी जास्त निघतात. त्यातला एक मेला तर उरलेला ३ डीबी कमी निघतो. म्हणजे बॅकअप "चालू" झाल्याक्षणी पुढच्या सगळ्या अँपना (केबलवरच्या अँप्लिफायरना) ६ डीबीचा झटका. टोकाच्या टॅपवरची (घरांना सिग्नल काढून देणाऱ्या डब्यावरची) घरं तशीही गेलीच. ग्राहकाला पत्ता लागणार नाही म्हणे!

ईडीएफए वाढवण्याबद्दल: लांबच्या लिंकवर एका फायबरमध्ये किती लाईट ढकलायचा हे ट्रान्समीटरच्या एसबीएस सेटिंगवर ठरतं (एसबीएस म्हणजे मर्यादेबाहेर लाईट ढकलला की त्यातला काही फायबरमधून मागे फिरतो तो परिणाम). तिथे १६ डीबीएम असताना २० ढकललात तर एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगणारं माप) बसेल आणि तुम्ही नोडला शिव्या घालाल.

रिले_राजा

कंबायनरची चर्चा आता पुरे. चूक ती चूकच. पण हिरवा_कनेक्टर, तुमचा "रिसीव्हरचा बॅकअप नकोच" हा सूरही पटत नाही. दोन वेगळ्या मार्गांनी फायबर येत असेल तर दुसरा रिसीव्हर हवाच, फक्त नीट लावा.

दोन्ही आउटपुट आरएफ ए/बी स्विचमध्ये (दोनपैकी एकच सिग्नल पुढे सोडणाऱ्या) घाला. बंद बाजूचं आयसोलेशन ५० डीबीच्या वर हवं. ३० डीबीवालं स्वस्त रिले घेतलंत तर बंद रिसीव्हरची गळती चालू सिग्नलवर बसते आणि एमईआर ३० च्या पुढे जात नाही. ६४ क्वामला (क्वाम म्हणजे सिग्नलमध्ये डेटा भरायची पद्धत, आकडा मोठा तितका डेटा जास्त) ओढूनताणून चालेल, २५६ ला मोज़ेक. मार्ग ४.२ आणि ६.८ किलोमीटरचे असतील तर उशीर १२-१३ मायक्रोसेकंदांचा, तो सेट-टॉप बॉक्सच्या इक्वलायझरला आवरत नाही.

स्विच पॉवर इन्सर्टरच्या (पुढच्या अँपसाठी केबलमध्ये ६० व्होल्ट सोडणाऱ्या डब्याच्या) आधी बसवा. नंतर बसवलात तर ६० व्होल्ट स्विचमधून रिसीव्हरच्या आउटपुटवर जातो आणि तो जळू शकतो.

दोन्ही रिसीव्हरची लेव्हल पॅड (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारा भाग) टाकून खालच्या आणि वरच्या चॅनेलवर १ डीबीच्या आत जुळवा. पुढची अँप आंधळी असतात, दिलेलं वाढवतात.

आता सेटिंग. मुख्य लाईट उणे १ असेल तर स्विच उणे ५ ला पलटू द्या, परत यायला उणे साडेतीन, आणि त्या लेव्हलला सलग १० मिनिटं टिकला तरच परत. हा फरक ठेवला नाहीत तर वाऱ्यात हलणाऱ्या फायबरवर स्विच रात्रभर टकटक करतो. प्रत्येक टकटकीला बॉक्स पुन्हा लॉक शोधतो. त्यापेक्षा सरळ तुटलेली फायबर बरी.

हिरवा_कनेक्टर

दोन मार्ग असतील तर हवाच, हे मान्य. पण किती ऑपरेटरांकडे दोन मार्ग आहेत? "रिंग" म्हणून दाखवतात आणि दोन्ही फायबर एकाच मेसेंजर वायरवर, एकाच खांबावर. गणपतीच्या मिरवणुकीतला उंच देखावा दोन्ही एकदम घेऊन जातो.

आणि तुमचा स्विच लाईट बघून पलटतो ना? कंट्रोल रूममध्ये ट्रान्समीटरचा आरएफ इनपुट निघाला तर लाईट पूर्ण येत राहतो, आत सिग्नल शून्य. सगळे एलईडी हिरवे आणि घरोघर "नो सिग्नल". लाईट आहे म्हणजे सिग्नल आहे, हे गृहीतच चुकीचं.

रिले_राजा

म्हणूनच आरएफ सेन्सवाला स्विच घ्यायचा, एखाद्या ठरावीक चॅनेलची किंवा पायलटची (फक्त लेव्हल बघण्यासाठी सोडलेल्या सिग्नलची) लेव्हल बघणारा. आणि पॉवर गेल्यावर आपोआप मुख्य बाजूला बसणारा. नाहीतर स्विच मेला की चांगले चाललेले दोन रिसीव्हर शोभेचे.

इनपुट निघाल्याची तक्रार तुमच्या एमएसओकडे करा. दोन्ही मार्ग एकाच ट्रान्समीटरवरून असतील तर नोडवर काहीही लावा, उपयोग शून्य.

एमसीबी_ट्रिप

इतकं लिहिलंत, पण पॉवरवर हिरवा_कनेक्टरची अर्धी ओळ सोडून कुणी बोललंच नाही. नोड मरतो तो अ‍ॅडॉप्टरमुळे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या डब्यात एसएमपीएसचे (त्याच्या आतल्या सर्किटचे) कपॅसिटर फुगतात, रिपल (व्होल्टेजमधली थरथर) वाढतो, लाईट ठीक दिसतो आणि एमईआर खाली. लोक फायबर पुसत बसतात.

स्वस्त उपाय ऐका. दोन १२ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर, प्रत्येकाच्या पॉझिटिव्हला एक शॉटकी डायोड, निगेटिव्ह एकत्र, दोन वेगळ्या फेजवर. डायोडवर ०.३-०.४ व्होल्ट पडतो, रिसीव्हरला जाणवत नाही. सोसायटीचा एक फेज गेला तरी नोड चालू. दुसऱ्या रिसीव्हरपेक्षा हे दसपट उपयोगी.

आणि बॅटरी लावणाऱ्यांनो, १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरला समांतर बॅटरी जोडली म्हणजे यूपीएस होत नाही. ७ एएचची एसएमएफ बॅटरी १३.५ ते १३.८ व्होल्टला फ्लोट होते, म्हणजे तेवढ्यावर भरलेली राहते. १२ वर ती कधी भरतच नाही, चार महिन्यांत सल्फेट होऊन ठोकळा. आधी रिसीव्हरची इनपुट रेंज १४ व्होल्ट सोसते का बघा, मग चार्जर, आणि १०.८ ला तोडणारा कटऑफ.

आडवी_गल्ली

वीज गेल्यावर ग्राहकाचा टीव्हीच बंद. मग बॅटरी कुणासाठी, कबुतरांसाठी?

एमसीबी_ट्रिप

तुमचा नोड ए विंगच्या जिन्यात, घरं बी, सी आणि रस्त्यापलीकडे. रस्त्यापलीकडे ट्रान्सफॉर्मर वेगळा. ए विंगचा फ्यूज उडाला तर बाकीच्यांनी का अंधार बघायचा? शिवाय निम्म्या घरांत इन्व्हर्टर आहे. त्याच केबलवर इंटरनेट देत असाल तर वीज गेल्यावरच लोक मोबाइल घेऊन वायफायवर बसतात. "कबुतरांसाठी" म्हणण्याआधी स्वतःच्या नोडची वायर कुठल्या मीटरला गेलीय ते बघा.

आडवी_गल्ली

मीटर! बरं आठवलं. जिन्यातल्या कॉमन मीटरवर नोड, आणि नवीन सेक्रेटरी निवडून आला की पहिलं काम एमसीबी पाडणं. बिलाचे पैसे दिले तरी "तुमचा डबा पाच युनिट खातो" हे ऐकायचं. १० वॉटचा नोड महिन्याला ७-८ युनिट खातो, हे पाटीवर लिहून लावलं तरी फरक पडत नाही. तुमचे दोन फेज कुठून आणू? एक द्यायला नाकं मुरडतात.

पॅड_आणि_इक्यू

७-८ म्हणजे सेक्रेटरी तुम्हाला सूटच देतोय की.

टॅपऑफ_सातारा

आणि नोड बॅटरीवर जगला तरी पुढची अँप लोकल पॉवरवर असतील तर सिग्नल पहिल्या अँपपर्यंतच जाणार. मग एमसीबीभाऊंचे डायोड काय उपयोगाचे? माझा कंबायनर वाईट आणि हे मात्र दसपट उपयोगी?

एमसीबी_ट्रिप

प्रश्न बरोबर आहे, कुणी विचारला ते सोडून देऊ. अँप लोकल पॉवरवर ठेवणं हीच मुळातली चूक. ६० व्होल्टचा सप्लाय एका जागी, आरजी-११ केबलवरूनच नोडला आणि अँपना पॉवर. बॅटरीही तिथेच एका जागी: १२ व्होल्टच्या तीन सीरिजमध्ये, ३६ व्होल्ट. ६० व्होल्टवाला नोड २५ वॉट, चार अँप प्रत्येकी २० वॉट, केबलमधली घट धरून १३० वॉट. ४० एएचचा संच असेल तर नव्या बॅटरीवर सहा-सात तास. वाटेतला प्रत्येक स्प्लिटर पॉवर-पासिंग हवा. घरातला साधा टू-वे मध्ये घातलात तर पुढचं सगळं मेलं.

फक्त_फायबर

अजून कोॲक्समध्ये अडकलात? एफटीटीएच (फायबर थेट घरापर्यंत) करा, नोड नको, अँप नको, सेक्रेटरी नको.

रिले_राजा

मग रिसीव्हर घरोघर गेला, एवढंच. बिघाड एका घरापुरता राहतो हा फायदा खरा. पण एका पीओएन पोर्टच्या (एका फायबरवरून स्प्लिटरने अनेक घरं चालवणाऱ्या) ६४ घरांची फीडर फायबर तुटली तर? तिथे २×एन स्प्लिटर लावून दोन फीडर आणतात. टीव्हीच्या १५५० साठी त्यातला एकच चालू ठेवावा लागतो. दोन्ही इनपुटवर एकदम लाईट सोडलात तर दोन्ही लाईट एकमेकांशी बीट होऊन जी वाट लागते तिच्यापुढे कंबायनर देवमाणूस. म्हणजे कंट्रोल रूमला ऑप्टिकल स्विच आलाच. प्रश्न जिथल्या तिथे, फक्त पत्ता बदलला.

रिटर्न पाथवाल्यांसाठी (घरांकडून उलटा सिग्नल घेणाऱ्यांसाठी) जाता जाता: हेडएंडला, म्हणजे कंट्रोल रूमला, बॅकअप रिटर्न रिसीव्हर कंबायनरवर उघडा ठेवू नका. सिग्नल नसला तरी त्याचा नॉइज येतोच, अपस्ट्रीमला ३ डीबीपर्यंत फटका. म्यूट असेल तरच जोडा.

हिरवा_कनेक्टर

ज्यांच्याकडे एकच मार्ग आहे त्यांनी दुसरा रिसीव्हर डब्यात न लटकवता कपाटात ठेवा, पण तयार करून. त्याच नोडचे पॅड आणि इक्वलायझर टाकून, टेबलावर त्याच लाईटला लेव्हल लावून, वर नोडचं नाव लिहून. सोबत अ‍ॅडॉप्टर, एपीसी पॅच कॉर्ड आणि क्लीनर पेन. बदलताना आधी लाईट मोजा, कनेक्टर पुसा, मग लावा, मग उणे २० डीबीच्या टेस्ट पॉइंटवर तीन चॅनेल बघा. पुसायचं राहिलं तर नवा रिसीव्हरही जुन्यासारखाच वागतो. निळा (सपाट टोकाचा यूपीसी) कनेक्टर हिरव्यात (तिरक्या टोकाच्या एपीसीत) कोंबला असेल तर ३-४ डीबी तिथेच गेला, वर रिफ्लेक्शन.

टॅपऑफ_सातारा

ठीक. पोस्टमधून कंबायनर खोडतो, तुमच्या मनासारखं होऊ दे. पण ५०:५० ऐवजी ७०:३० कपलर घेतला तर? मुख्याला पावणेदोन डीबीच लॉस.

पॅड_आणि_इक्यू

आणि ३० वाल्या पायावर साडेपाच. उणे २ येत असेल तर बॅकअपला उणे ७.५, एजीसीच्या बाहेर. नोडवर ० किंवा त्याच्या वर लाईट असेल तरच ७०:३० चा विचार करा. तेवढा लाईट तुमचा एमएसओ देतो का, हे तुम्हीच वर लिहिलंय.

आडवी_गल्ली

एमसीबीभाऊ, शॉटकीचा नंबर टाका. रेडिओवाल्याकडे १एन५८२२ मिळतोय, ३ अँपिअर. चालेल ना?

एमसीबी_ट्रिप

चालेल. १ अँपिअरच्या नोडला भरपूर. पट्टी कॅथोडची, ती नोडकडे. कबुतरांना नमस्कार सांगा.