‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ला मराठीत काय म्हणाल?

काल आईच्या लॅपटॉपवर हे वाक्य उमटलं. ती फोनवर म्हणे, “जोडलंय पण म्हणतोय, नाही पण म्हणतोय. नक्की काय समजायचं?” मी सांगायला गेलो नि अडकलो. हाताशी ‘जोडणी’ हा एकच शब्द, आणि गोष्टी दोन: राउटरपर्यंतचं वायफाय आणि राउटरच्या पलीकडचं जग. तुम्ही वेगळे शब्द वापरता का?

— आमच्याकडे ‘वायफाय आहे, नेट नाही’ एवढं पुरतं. तोटी बसवलीय, पाणी आलेलं नाही. नवा शब्द कशाला हवा?

— फोनवर दुरुस्ती सांगायची असेल तर हवा. ‘नेट गेलं’ म्हटलं की त्यात निघालेली वायर, झोपलेला राउटर, थकलेलं बिल, सगळंच आलं. मी पहिल्याला ‘जोड’ आणि दुसऱ्याला ‘पोच’ म्हणतो. पोच म्हणजे मजल आणि पोच म्हणजे पावतीही. ‘पिंग’ला, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणाऱ्या कमांडला, दोन्ही अर्थ लागू पडतात. आधी राउटरला पिंग करा, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. पोच आली तर ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) करा. तिथूनही आली आणि तरी साइट उघडत नसेल, तर डीएनएसवर संशय घ्या: रस्ता मोकळा आहे, नावावरून पत्ता सापडत नाहीये. (पिंग हे नाव सोनारच्या आवाजावरून पडलं. सोनार म्हणजे पाणबुड्या शोधणारा, दागिने घडवणारा नव्हे. माइक मूस यांनी १९८३ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला.)

— ‘पोच’ झकास. फक्त सासूबाईंना “तुमच्याकडे पोच नाही” असं सांगून बघा एकदा.

— गेटवेला, म्हणजे घरच्या नेटवर्कमधून बाहेर पडायच्या वाटेला, मी ‘वेस’ म्हणेन. ‘प्रवेशद्वार’ नको, त्यात आत शिरणं आहे. इथे गावाबाहेर पडायचंय. गावातल्या गावात फिरायला वेस लागत नाही. म्हणून तर गेटवेचा आकडा चुकला तरी घरातल्या प्रिंटरवर छपाई होते, बाहेरचं मात्र काही उघडत नाही.

— डीएचसीपीच्या (कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा पत्ता आपोआप देणाऱ्या पद्धतीच्या) ‘लीज’ला तर ‘भाडेपट्टा’ तयारच आहे. राउटर पत्ता मुदतीवर देतो. साधारण निम्मी मुदत सरली की कॉम्प्युटर आपणहून वाढवून मागतो. अकरा महिन्यांचा करारच, फक्त एजंट नाही. पत्ता द्यायला कोणी भेटलंच नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं. त्याला आम्ही ‘स्वयंघोषित’ म्हणतो. आईंना आयपीकॉन्फिग (कॉम्प्युटरचा पत्ता दाखवणारी कमांड) करून आकडा वाचायला सांगा.

— सांगितलं. स्वयंघोषितच निघाला! आता पत्ता पुन्हा मागायची रिन्यूची कमांड अक्षर-अक्षर सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, “थांब, मी तो डबा बंद करून चालू केलाय.” नेट आलं.