प्रतिसाद: जास्त झालेलं 'डी' जीवनसत्त्व लघवीवाटे जातं?

'जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते बी आणि सी बद्दल ठीक. डी चरबीत विरघळतं, अंगात साठून राहतं. ऊन कितीही खा, त्याने अतिरेक होत नाही. होतो तो गोळ्या-पुड्यांनीच.

आमच्या मावशींना ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा लिहून दिली होती. त्या कॅल्शियमच्या गोळीसोबत रोज दुधातून घेत राहिल्या! मग सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता. सगळ्यांना वाटलं पित्त. रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं, आणि ते मूत्रपिंडाला महागात पडतं. पुडी आठवड्याची असेल तर कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि हो, उपाशीपोटी नको, जेवणानंतर घ्या.