काजूच्या धंद्याची वेबसाइट: सर्व्हर आपल्याकडे ठेवावा की होस्टिंग बाहेर द्यावं?

वेंगुर्लेकर
नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. वेंगुर्ल्यात आमचा काजूप्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्याला जोडायचं ऑनलाइन दुकान) केलेली वेबसाइट आहे, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं तिथून ऑर्डर देतात. दिवाळीआधी किरकोळ विक्रीतला मोठा वाटा तिथलाच. सध्याच्या स्वस्त होस्टिंगची (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट ठेवण्याची सेवा) मुदत संपत आली आहे. भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, टॅलीसाठी ऑफिसात चांगला सर्व्हर आहेच, त्यावरच साइट चढवू, डेटा आपल्या घरात राहील. लोकांनी विश्वासाने पत्ते आणि फोन नंबर दिलेत, त्यामुळे मला ते पटतं. एक होस्टिंगवाले 'मॅनेज्ड' सेवेचे (सर्व्हरची देखभालही तेच बघतात) आताच्या पाचपट पैसे सांगतात. काय करावं?

पॅचवाली
टॅलीच्या मशीनवर साइट अजिबात नको. बाकी मुद्द्यांवर दोन मतं असू शकतात, यावर नाही. तिथे साइट चालवायची म्हणजे राउटरवर पोर्ट उघडून सगळ्या जगाला त्या मशीनपर्यंत वाट करून द्यायची. उद्या एखाद्या प्लगिनमध्ये (वर्डप्रेसला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) भोक सापडलं, की आत शिरणारा थेट तुमच्या हिशोबांपर्यंत पोचतो. रॅन्समवेअर (फाइल्स कुलपात घालून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) पडलं तर दुकान बंद आणि जीएसटीचे आकडेही कुलपात.

वेगळं मशीन घेतलंत तरी स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता), दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन आणि पावसाळ्यात लाइट गेल्यावर पुरेल असा यूपीएस लागेल. कोणी मुद्दाम ट्रॅफिकचा मारा केला तर ऑफिसची लाइनच तुंबेल, मग बिलंही निघणार नाहीत. हा खर्च धरा आणि मग ते 'पाचपट' पुन्हा मोजा.

आणखी एक, पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं) पान वापरत असाल तर कार्डाचे नंबर तुमच्या साइटवर येतच नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला ते साठवताही येत नाहीत. म्हणजे जपायचे आहेत ते पत्ते, फोन, ईमेल आणि ॲडमिनचा पासवर्ड. जुन्या ऑर्डरींचे तपशील कायम ठेवायची गरज आहे का तेही बघा. हिशोबाला लागतं तेवढं ठेवून बाकीचं काढून टाकलं, की चोरण्यासारखंच कमी उरतं.

अंबडचा_कारखानदार
ताईंशी सहमत. आमच्याकडे नाशिकला सर्व्हर घरातच आहे, पण त्यावर मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज आणि स्टॉक. ते फक्त शॉपफ्लोअरवर लागतं, नेट गेलं तरी काम थांबता कामा नये. बाहेरून एकही पोर्ट उघडं नाही. कंपनीची वेबसाइट मात्र बाहेर होस्ट केली आहे.

वेंगुर्लेकर
धन्यवाद दोघांनाही. भाच्याला धागा दाखवला. टॅलीच्या मशीनचा हट्ट त्याने सोडला. आता म्हणतो व्हीपीएस (होस्टिंग कंपनीकडून भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर) घेऊ, महिन्याला पाचशेच्या आसपास, बाकी सगळं मी बघतो. हा मधला मार्ग चालेल का?

पॅचवाली
चालेल, पण तो बाहेर दिलेला आहे असं समजू नका. यंत्र त्यांचं, जबाबदारी सगळी तुमचीच. ऑपरेटिंग सिस्टिम, पीएचपी, डेटाबेस, फायरवॉल, बॅकअप, सगळं भाच्याकडे. सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ ला थांबले, तरी त्यावर चालणारे सर्व्हर मी अजून बघते. ते उभे करणारी पोरं हुशारच होती, पण नोकरी लागून बेंगळुरूला गेली. तुमचा भाचा उद्या गेला, किंवा तो सुट्टीवर असताना वर्डप्रेसचा तातडीचा अपडेट आला, तर तो कोण चढवेल? दुसरं नाव नसेल तर व्हीपीएस घेऊ नका.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेशही आहे. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग (सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवसांचे ठेवायचे. लॉग कुठे साठतात हे आत्ता ठरलं नसेल तर त्या दिवशी हाती काही लागत नाही.

सोलापुरी_चादर
माझा अनुभव डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा. आमचं डोमेन वेबसाइट करणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्याच्याशी बिनसल्यावर ते परत मिळवताना फार मनस्ताप झाला, अख्खा लग्नसराईचा हंगाम गेला. होस्टिंग कुठेही घ्या, डोमेन मालकाच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवर असलंच पाहिजे.

वेंगुर्लेकर
बापरे, आमचंही बघतो आजच. मग मॅनेज्डवाल्यांना नेमकं काय विचारू? 'सगळं सेफ आहे सर' एवढंच उत्तर मिळतं.

पॅचवाली
पहिला प्रश्न बॅकअपचा, आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा डेटा कायमचा गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिकवर रॅन्समवेअर आलं, बॅकअपसकट सगळं एन्क्रिप्ट झालं आणि बहुतेक ग्राहकांचं काहीच परत मिळालं नाही. दोन्ही ठिकाणी लोकांनी होस्टिंग व्यावसायिकांकडेच दिलं होतं. म्हणून त्यांच्या बॅकअपवर विसंबू नका. रोजची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, तुमच्या खात्यात जाऊ दे. होस्टिंगच्या पासवर्डने ती पुसता येऊ नये. आणि भाच्याला सांगा, तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसरीकडे उतरवून साइट खरोखर उभी राहते का ते बघ. हे काम त्याला छान जमेल आणि चुकलं तरी दुकान बंद पडणार नाही.

मग विचारा: प्लगिनचे अपडेट तुम्ही करता की आम्ही? पुष्कळजण फक्त सर्व्हरचे करतात आणि हे बोलून दाखवत नाहीत. रात्री साइट हॅक झाली तर फोन कोण उचलतं? एकाच सर्व्हरवर दुसऱ्यांच्या साइट असतील तर आमची खाती वेगळी कशी ठेवता? ॲडमिनला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा) आहे का? सोडून जायचं झालं तर डेटाबेस आणि फाइल्स किती दिवसांत देता? उत्तरं ईमेलवर घ्या. एसएसएल सर्टिफिकेटचे (साइट आणि गिऱ्हाइकातली देवाणघेवाण सुरक्षित करणारं) वेगळे पैसे मागितले तर कशाचे ते विचारा, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं आणि तुमच्या साइटला ते पुरतं.

वेंगुर्लेकर
ताई, खूप आभार. मॅनेज्डच घेतो, बॅकअप भाच्याकडे. साइट हलवायची कधी? गणपतीनंतर चालेल?

पॅचवाली
नको, गणपतीच्या आधीच हलवा, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायला मधे वेळ राहू दे. डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर जातं त्याची नोंद) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो आकडा, आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा. बदलाच्या तासाभरात ऑर्डर घेणं बंद ठेवा, नाहीतर काही ऑर्डरी जुन्या डेटाबेसमध्ये राहतात. आणि जुनं होस्टिंग महिनाभर तरी चालू ठेवा, तुमचे ईमेल तिथेच असतील तर ते आधी उतरवून घ्या.