मदत हवी आहे: काकांच्या निगेटिव्ह आणि बासरीच्या कॅसेट

नमस्कार मंडळी, आमचे काका गेल्या महिन्यात गेले. सदाशिव पेठेत राहायचे, जन्मभर फोटो काढले आणि रोज संध्याकाळी बासरी, कार्यक्रम वगैरे कधी नाही, स्वतःच्या आनंदासाठी. सवाई गंधर्व संगीत महोत्सव रमणबाग शाळेत व्हायचा तेव्हा कॅमेरा घेऊन शेवटच्या भैरवीपर्यंत बसायचे, पण फ्लॅश कधीच मारला नाही, म्हणायचे गाणाऱ्याची तंद्री मोडते.

आता काकूने ट्रंक उघडली तर आत ३५ एमएमच्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह, सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या बटर पेपरमध्ये, आणि प्रत्येकावर पेन्सिलने तारीख आणि त्या वेळी चालू असलेला राग! काहींना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतोय, म्हणजे फिल्म खराब व्हायला लागलीये, म्हणून घाई आहे. शिवाय त्यांच्या बासरीच्या ११ कॅसेट, त्यातल्या एकीची टेप आत गुंतलीये, हात लावायची हिंमत होत नाहीये. एका ठिकाणी चार पट्ट्या स्कॅनला दिल्या तर ओरखडे पाडून परत दिल्या, फार वाईट वाटलं.

पुण्यात हे काम जिवापाड जपून करणारं कुणी माहितीये का? आणि गुंतलेली टेप सोडवून देणारं? काकूला त्यांची बासरी परत ऐकायचीये हो.